राउटरला सांगून ठेवा, सव्वासहाला कॉम्प्युटर उठव: घरच्या घरी वेक-ऑन-लॅनचं वेळापत्रक

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, एसएसडी नाही, साधी हार्डडिस्क, त्यामुळे बटण दाबलं की कामाला लागायला तीन-साडेतीन मिनिटं घेतो. बाबा सकाळी साडेसहाला चहाचा कप घेऊन ई-पेपर वाचायला बसतात आणि तेवढ्या वेळात चहा अर्धा संपतो, मग दिवसभर मला ऐकायला लागतं की तुझा तो कॉम्प्युटर आहे की बैलगाडी. एसएसडी टाकली की प्रश्न सुटतो हे मलाही कळतं, पण मशीन रात्री फोनमधल्या फोटोंचा बॅकअप घ्यायलाही उठवायचं होतं, म्हणून म्हटलं एकदाच काय ते राउटरवर बसवून टाकू: ठरल्या वेळी राउटरने लॅन केबलवरून हाक मारायची आणि बंद कॉम्प्युटर सुरू व्हायचा, यालाच वेक-ऑन-लॅन म्हणतात. राउटर नाहीतरी चोवीस तास चालूच असतो, घरात जागा असणारा तो एकटाच.

एक आधीच सांगतो. राउटरमधलं काम दहा मिनिटांचं आहे. माझे दोन रविवार गेले ते कॉम्प्युटरला 'अर्धवट जागं झोपायला' शिकवण्यात. त्यामुळे खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, आणि एक पायरी हाताने चालतेय हे बघितल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावू नका, नाहीतर शेवटी कळतच नाही की चूक बायोसमध्ये (मदरबोर्डवरचं, विंडोजच्याही आधी चालणारं सॉफ्टवेअर) आहे, विंडोजमध्ये आहे की राउटरच्या घड्याळात.

दुसरी सूचना, मी हे सगळं देवनागरीत टाइप करतोय त्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीतच लिहिल्यात, जिथे गोंधळ होईल तिथे अक्षरं सुटी करून दिलीत. तुम्ही टाकताना अर्थातच इंग्रजी, लहान लिपीत, आणि आकडेही इंग्रजी.

हे चालतं कसं

कॉम्प्युटर शटडाऊन केला तरी पिन सॉकेटमध्ये असेल आणि बटण चालू असेल तर आतली एसएमपीएस (वीज पुरवणारी पेटी) ५ व्होल्टची एक बारीक लाइन चालू ठेवते, तिला स्टँडबाय म्हणतात. त्या लाइनवर लॅन कार्डाचा एक छोटा भाग जागा राहतो आणि केबलवरून येणाऱ्या पॅकेटकडे कान लावून बसतो. त्याला हवं असतं एकच पॅकेट, मॅजिक पॅकेट. एएमडी कंपनीने १९९५ साली याची माहितीपत्रिका काढली, तेव्हापासून रचना तीच आहे: आधी एफएफ हा बाइट ६ वेळा, मग त्या कार्डाचा स्वतःचा ओळख-पत्ता म्हणजे मॅक अॅड्रेस १६ वेळा, मिळून १०२ बाइट. स्वतःचा पत्ता सोळा वेळा ऐकू आला की कार्ड मदरबोर्डला धक्का मारतं आणि मशीन सुरू होतं. पासवर्ड नाही, 'मिळालं' असं उलट उत्तर नाही, आयपी अॅड्रेसशी देणंघेणं नाही. झोपलेल्या मशीनला कुठला आला आयपी अॅड्रेस?

उलट उत्तर नाही ही गोष्ट लक्षात ठेवा. राउटर पॅकेट फेकतो आणि मोकळा होतो, कोणी उठलं का नाही हे त्याला कळत नाही, त्यामुळे राउटरवर 'यशस्वी' दिसलं म्हणून काही सिद्ध होत नाही.

मग राउटरच कशाला, बायोसमध्ये अलार्म असतो की

बरोबर आहे. बऱ्याच बायोसमध्ये 'आरटीसी अलार्म' नावाची सोय असते, रोज एकाच वेळी उठवायचं असेल तर ती लावा आणि हा लेख इथेच सोडा, खरंच. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्येही 'वेक द कॉम्प्युटर टु रन धिस टास्क' अशी खूण असते, पण ती स्लीप किंवा हायबरनेटमधून उठवते, पूर्ण शटडाऊन केलेल्या मशीनला नाही. आणि बायोसच्या अलार्मला साधारण एकच वेळ देता येते. मला रोज सकाळी सव्वासहा, शिवाय बुधवारी आणि शनिवारी पहाटे दोन, असं पाहिजे होतं, आणि वेळ बदलायची तर प्रत्येक वेळी रिस्टार्ट करून बायोसमध्ये शिरायचं नव्हतं, फोनवरून राउटरचं पान उघडून बदलायचं होतं. अशी गरज असेल तर राउटर.

पायरी १: लाइट बघा

कुठलंही सेटिंग करायच्या आधी कॉम्प्युटर शटडाऊन करा, मागे जा आणि लॅन केबल जिथे घुसते तिथला बारीक लाइट बघा. पेटलेला असेल तर अर्धी लढाई जिंकली. विझलेला असेल तर कार्डाला वीजच जात नाहीये आणि मग राउटरने कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. काही मशीनवर शटडाऊननंतर लाइटचा रंग बदलतो, त्याला घाबरू नका, वीज वाचवायला कार्ड १०० किंवा १००० एमबीपीएसवरून १० वर उतरतं.

वायफायचं विचाराल तर नाही. वायफायवरून उठवायची सोय काही लॅपटॉपमध्ये असते पण ती स्लीपपुरती, पूर्ण बंद मशीनवर धरून चालू नका. केबल टाका. आमच्याकडे दाराच्या चौकटीवरून पंधरा मीटर केबल गेलीय आणि आईने तिला अजून माफ केलेलं नाही.

आता आईचा विषय निघालाच आहे तर माझा पहिला रविवार कुठे गेला ते सांगतो. बायोस झालं, विंडोज झालं, दुपारी हाताने टेस्ट केली, मशीन झक्क उठलं. रात्री शेड्युल लावलं, सकाळी बघतो तर ढिम्म. परत दुपारी टेस्ट, परत झक्क. मी ड्रायव्हर बदलले, केबल बदलली, राउटर दोनदा रिसेट मारला. शेवटी रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं की आई झोपायच्या आधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करते, टीव्हीचं, मिक्सरचं, आणि कॉम्प्युटरच्या बोर्डाचंही, गेली तीस वर्षं करते. बटण बंद म्हणजे ५ व्होल्ट गेले, कार्ड मेलं. आता त्या बटणावर चिकटपट्टी लावून 'बंद करू नये' लिहिलंय. तेव्हा पायरी शून्य समजा हवं तर: घरात बटणं कोण बंद करतं ते शोधा.

वीज किती जाईल हा आईचा पुढचा प्रश्न होता आणि रास्त होता. स्टँडबायवर साधारण १ ते ३ वॅट जातात. २ वॅट धरले तर महिनाभरात दीड युनिटसुद्धा होत नाही. त्याऐवजी मशीन चोवीस तास चालू ठेवलं आणि ते रिकामं बसून ४५ वॅट खात असेल तर महिन्याला ३२ युनिटच्या वर. तुमच्या बिलातल्या स्लॅबने गुणून बघा.

पायरी २: बायोस

मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत शिरा, आणि 'पॉवर' किंवा 'एपीएम' किंवा 'अॅडव्हान्स्ड' असल्या नावाच्या पानावर जा. प्रत्येक कंपनीने या एकाच गोष्टीला वेगळं नाव दिलंय. डेल, एचपीच्या मशीनवर सरळ 'वेक ऑन लॅन' असतं, आसुसच्या बोर्डवर 'पॉवर ऑन बाय पीसीआय-ई', कुठे 'पीसीआयई डिव्हायसेस पॉवर ऑन', कुठे 'पीएमई इव्हेंट वेकअप'. ते चालू करा.

मग जे बंद करायचं ते: 'ईआरपी' असं काही दिसलं तर डिसेबल. युरोपातल्या वीजबचतीच्या नियमांसाठी ही सोय आली, चालू असली तर मशीन बंद झाल्यावर कार्डाची वीज तोडते, म्हणजे नेमकं आपल्याला नको तेच. डेलमध्ये तिचा भाऊबंद 'डीप स्लीप कंट्रोल' आहे, तोही डिसेबल. बऱ्याच लोकांचं इथेच अडतं, वेक ऑन लॅन चालू केलेलं असतं आणि ईआरपी तसंच राहिलेलं असतं, दोघं एकमेकांच्या विरोधात.

आत आहातच तर 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' हे सेटिंग कुठे आहे ते बघून ठेवा, पुढे लागणार आहे. सेव्ह करा, बाहेर या, परत शटडाऊन करून लाइट बघा.

पायरी ३: विंडोजला समजावणं

इथे तीन जागा आहेत.

पहिली, फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन नसतं, विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून अर्धवट हायबरनेट होतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येतं. या अर्धवट अवस्थेत वेक-ऑन-लॅन चालेल याची खात्री नसते. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे वर निळ्या अक्षरात 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' असतं ते दाबल्याशिवाय खालच्या खुणा फिक्कट राहतात, ते दाबा आणि 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढा. हो, याने मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण आता ते तुम्ही झोपेत असताना सुरू होणार आहे, लागू दे.

दुसरी, डिव्हाइस मॅनेजर. 'नेटवर्क अडॅप्टर्स' खाली केबलवालं कार्ड शोधा, बहुतेक रिअलटेक किंवा इंटेलचं असेल, प्रॉपर्टीज, 'पॉवर मॅनेजमेंट' टॅब. तिथे तीन खुणा असतात, तिन्ही टिक करा, त्यातली तिसरी 'ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट टु वेक द कॉम्प्युटर' विसरू नका. ती राहिली तर स्लीपमधलं मशीन नेटवर्कवरच्या इतर पॅकेटनेही उठू शकतं. रात्री तीनला हॉलमधून पंख्याची घरघर ऐकू येणं आणि मॉनिटरचा निळा उजेड भिंतीवर पडणं, हा अनुभव घरच्यांना देऊ नये.

तिसरी, त्याच खिडकीत 'अॅडव्हान्स्ड' टॅब. 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' एनेबल्ड. रिअलटेक असेल तर 'शटडाऊन वेक-ऑन-लॅन' अशी वेगळी ओळ असते, तीही एनेबल्ड. ही ओळ दिसतच नसेल तर विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर टाकलेला असू शकतो, मदरबोर्डच्या किंवा रिअलटेकच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, मग बघा. 'ग्रीन इथरनेट', 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' असलं काही असेल आणि मशीन कधी उठतं कधी नाही असा लहरीपणा करत असेल तर ती बंद करून बघा. आणि 'डब्ल्यूओएल अँड शटडाऊन लिंक स्पीड' नावाची एक ओळ आहे, मगाशी म्हटलं ना की कार्ड १० एमबीपीएसवर उतरतं, ते हिच्यामुळे. नव्या २.५ गिगाबिटच्या काही पोर्टना १० चा वेग येतच नाही, मग शटडाऊन झालं की लाइटच विझतो. तसं झालं तर इथे 'नॉट स्पीड डाऊन' निवडा.

सगळं झाल्यावर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, मग 'डिव्हाइसक्वेरी' ज्याच्या आधी तिरकी रेघ, मग स्पेस आणि 'वेक' अंडरस्कोर 'आर्म्ड', असं टाका. यादीत तुमच्या लॅन कार्डाचं नाव आलं पाहिजे. कीबोर्ड-माउसचीही नावं येतात, चालतं.

लिनक्सवाल्यांना थोडक्यात: 'ईथटूल' आणि कार्डाचं नाव टाका, शेवटाकडे 'सपोर्ट्स वेक-ऑन' आणि 'वेक-ऑन' अशा दोन ओळी येतात. पहिलीत जी हे अक्षर पाहिजे, म्हणजे कार्डाला मॅजिक पॅकेट कळतं, आणि दुसरीतही जी पाहिजे, तिथे डी असेल तर बंद आहे. ईथटूलने चालू केलेलं रिस्टार्टनंतर टिकेलच असं नाही, म्हणून नेटवर्कमॅनेजरच्या कनेक्शनमध्येच 'वेक-ऑन-लॅन' ला 'मॅजिक' करून ठेवा.

पायरी ४: मॅक अॅड्रेस, पण बरोबर तोच

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' स्पेस तिरकी रेघ 'ऑल'. चार-पाच 'फिजिकल अॅड्रेस' दिसतील, वायफायचा वेगळा, ब्लूटूथचा वेगळा, कुठलं व्हर्च्युअल मशीन टाकलं असेल तर त्याचा वेगळा. आपल्याला 'इथरनेट अडॅप्टर इथरनेट' च्या खालचा पाहिजे, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या. विंडोज मध्ये आडव्या रेघा दाखवतं, राउटरमध्ये बहुतेक ठिकाणी त्याजागी कोलन लागतात. कागदावर लिहा, आठ आणि बी यात गल्लत करू नका, मी केली होती.

पायरी ५: आता राउटर, आणि आधी हाताने

इंटरनेट कंपनीने भिंतीवर लावून दिलेला जो डबा असतो त्यात ही सोय बहुतेक नसते, आणि असली तरी वेळापत्रक नसतं, अर्ध्या वेळा अॅडमिनचा पासवर्डसुद्धा देत नाहीत. माझ्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला तर 'सर, कॉम्प्युटर कशाला झोपवता' असं उत्तर मिळालं. तो डबा आहे तिथे राहू द्या, त्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून स्वतःच्या राउटरच्या वॅन पोर्टला (जिथून इंटरनेट आत येतं ते) लावा आणि कॉम्प्युटर स्वतःच्या राउटरच्या लॅनला. मॅजिक पॅकेट एका नेटवर्कच्या बाहेर जात नाही, त्यामुळे कॉम्प्युटर कंपनीच्या डब्याला आणि वेळापत्रक तुमच्या राउटरवर असं केलंत तर काही होणार नाही. गेस्ट नेटवर्कचंही तसंच.

मी ओपनडब्ल्यूआरटी वापरतो, म्हणजे राउटरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसवायचं खुलं सॉफ्टवेअर. लिंक्सिसच्या त्या प्रसिद्ध निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स कोड खुला झाला त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला, आणि आज जुन्या-नव्या शेकडो राउटरवर तो बसतो. तुमचं मॉडेल आणि त्याचं हार्डवेअर व्हर्जन, जे राउटरच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर असतं, ते दोन्ही त्यांच्या यादीत जुळलं तरच फ्लॅश करा, म्हणजे राउटरमध्ये बसवा, एकाच नावाच्या राउटरची व्ही२ आणि व्ही४ आतून वेगळी असतात.

राउटरचं पान उघडा, 'सिस्टिम', 'सॉफ्टवेअर', 'अपडेट लिस्ट्स', मग शोधा 'लुसी-अॅप-डब्ल्यूओएल' आणि इन्स्टॉल करा. सोबत 'ईथरवेक' नावाचं छोटं पॅकेज येतं, खरं काम तेच करतं. पान रिफ्रेश केलं की 'सर्व्हिसेस' मध्ये 'वेक ऑन लॅन' दिसेल, काही आवृत्त्यांत ते 'नेटवर्क' च्या मेनूत असतं. इंटरफेस 'बीआर-लॅन' (राउटरची घरातली बाजू) निवडा, यादीतून तुमचं मशीन निवडा किंवा मॅक टाका, बटण दाबा.

मशीन शटडाऊन करून, दोन मिनिटं थांबून, मग हे करा. उठलं? आता रात्रभर बंद ठेवून सकाळी परत हाताने करा. दोन मिनिटांनी उठणारं आणि सात तासांनी न उठणारं मशीन मी पाहिलंय, म्हणजे आईचं बटण सोडूनही. दोन्ही वेळा उठलं तरच पुढे.

पायरी ६: राउटरचं घड्याळ

ही पायरी मी गाळली होती, तुम्ही गाळू नका. ओपनडब्ल्यूआरटी नवीन बसवलं की त्याचा टाइमझोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. मी वेळापत्रकात सव्वासहा लिहिलं आणि मशीन उठलं पावणेबाराला, घरात कोणी नसताना, आणि संध्याकाळपर्यंत चालू राहिलं. सव्वासहा यूटीसी म्हणजे आपले पावणेबारा, साडेपाच तासांचा फरक. तुमचं मशीन बरोबर साडेपाच तास उशिरा उठत असेल तर बाकी काही शोधत बसू नका.

'सिस्टिम' मध्ये परत 'सिस्टिम', टाइमझोन 'एशिया कोलकाता', सेव्ह अँड अप्लाय. त्याच पानावर 'टाइम सिंक्रोनायझेशन' चालू आहे ना ते बघा, कारण घरगुती राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी बहुतेक नसतेच. लाइट जाऊन आली की त्याला वेळ माहीत नसते, इंटरनेट आलं की तो एनटीपीवरून (इंटरनेटवरून वेळ सांगणारी सेवा) विचारून घेतो. म्हणजे नेट नसेल तर वेळापत्रकावर विश्वास नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांनी तिथल्या शहराचा झोन निवडावा, मार्च आणि शरदातला एक तासाचा बदल राउटर आपोआप सांभाळतो, हाताने तास मिळवत बसू नका.

पायरी ७: वेळापत्रकाची ओळ

'सिस्टिम', 'शेड्युल्ड टास्क्स'. एक कोरी चौकट येते, काहीच सूचना नसलेली. इथे एका ओळीत एक काम लिहायचं. आधी पाच रकाने, मध्ये स्पेस: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. 'काहीही चालेल' ला तारा. रोज सव्वासहाला म्हणजे

१५ ६ * * *

आणि त्याच्याच पुढे, त्याच ओळीत, कमांड: ई-टी-एच-ई-आर-डब्ल्यू-ए-के-ई, स्पेस, वजाचं चिन्ह आणि लहान आय, स्पेस, बी-आर मग वजाचं चिन्ह मग एल-ए-एन, स्पेस, मग कोलनवाला मॅक अॅड्रेस. तो आय आणि बीआर-लॅन विसरलात तर ईथरवेक स्वतःच्या मनाने ईथ० कडे पॅकेट फेकतं, आणि तो इंटरफेस तुमच्या लॅनचा असेलच असं नाही.

तास चोवीसच्या हिशोबाने, रात्री दोन म्हणजे २, दुपारी दोन म्हणजे १४. वारांत रविवार ०, सोमवार १, असं शनिवार ६ पर्यंत. फक्त सोमवार ते शुक्रवार पाहिजे तर शेवटच्या ताऱ्याजागी १-५. माझी बॅकअपची ओळ अशी सुरू होते:

० २ * * ३,६

हे मंगळवारी झोपल्यानंतरचे रात्रीचे दोन बरं का, म्हणजे कॅलेंडरवर बुधवार. 'बुधवारी रात्री' असं आपण ज्याला म्हणतो ते क्रॉनच्या (हे वेळापत्रक चालवणारा राउटरमधला प्रोग्रॅम) लेखी गुरुवार असतं.

मी प्रत्येक काम दोनदा लिहितो, १५ ला आणि १६ ला. पॅकेट हरवलं तर दुसरं आहे, आणि मशीन उठलेलंच असेल तर दुसऱ्या पॅकेटने काही होत नाही. शेवटच्या ओळीनंतर एकदा एंटर दाबून कोरी ओळ ठेवा, नाहीतर शेवटचं काम वाचलंच जात नाही असं होऊ शकतं. सेव्ह केल्यावर 'सिस्टिम', 'स्टार्टअप' मध्ये जाऊन 'क्रॉन' एनेबल्ड आहे ना बघा आणि एकदा रिस्टार्ट मारा, पहिल्यांदा ओळ लिहिली तेव्हा तो बहुतेक चालूच नसतो.

टेस्टला सकाळची वाट बघू नका. आत्ता घड्याळात किती वाजलेत ते राउटरच्याच पानावर बघून चार मिनिटं पुढची वेळ टाका, कॉम्प्युटर शटडाऊन करा आणि समोर बसा.

बाकी राउटरवाल्यांसाठी भराभर. डीडी-डब्ल्यूआरटी असेल तर 'अॅडमिनिस्ट्रेशन', 'मॅनेजमेंट' मध्ये क्रॉनची चौकट आहे, पण तिथे पाच रकान्यांनंतर आणि कमांडच्या आधी 'रूट' हा शब्द लागतो. ओपनडब्ल्यूआरटीवर तोच शब्द टाकलात तर तो रूटलाच कमांड समजतो आणि गप्प बसतो, एकाची ओळ उचलून दुसऱ्यात चिकटवणारे इथे हमखास फसतात. आसुसच्या मूळ फर्मवेअरमध्ये 'नेटवर्क टूल्स' खाली उठवायचं बटण आहे पण वेळापत्रक नाही, त्यासाठी मर्लिन फर्मवेअर टाकून 'क्रू' कमांड वापरावी लागते आणि ती 'सर्व्हिसेस-स्टार्ट' स्क्रिप्टमध्ये ठेवावी लागते, नाहीतर रिबूटला पुसली जाते. मायक्रोटिक असेल तर मजा आहे, 'टूल' खाली 'डब्ल्यूओएल' कमांड आणि 'सिस्टिम' खाली 'शेड्युलर', दोन्ही मुळातच आहेत, सुरुवातीची वेळ ६ वाजून १५, इंटरव्हल १ दिवस, झालं. आणि राउटर बदलायचाच नसेल तर पडून असलेला रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) त्याच नेटवर्कला लावा, क्रॉन तिथेही हाच.

बाहेरून उठवण्याचा मोह

राउटरचं पोर्ट ९ (मॅजिक पॅकेट सहसा येतं ते क्रमांकाचं दार) इंटरनेटला उघडून ऑफिसमधून मशीन उठवायचे उपाय बरेच जण सांगतात. नका करू. आपल्याकडे बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी नसतोच, त्यामुळे चालायचंही नाही. वेळापत्रक घरातल्या घरात आहे, त्याला बाहेरचं दार लागत नाही. बाहेरून लागलंच तर राउटरवर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायची सोय, व्हीपीएन) बसवा, आत या आणि ते बटण दाबा.

लाइट गेली तर

पूर्ण वीज जाऊन परत आली की बरीच मशीन उठायचं विसरतात, कारण कार्डाला 'जागा राहा' हे विंडोजने बंद होताना सांगितलेलं असतं आणि ते स्टँडबायसोबत पुसलं गेलं. याला दोन उत्तरं. एक, मशीनला साधा ६०० व्हीएचा यूपीएस, स्टँडबायचे २-३ वॅट तो बराच वेळ खेचतो, फक्त मध्यरात्री तो पिपाणी वाजवतो त्याची तयारी ठेवा. दुसरं, बायोसमधलं ते 'रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस' 'पॉवर ऑन' वर ठेवा: लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतं, आणि खाली सांगितलेल्या टास्कने नीट शटडाऊन झालं की कार्ड पुन्हा तयार. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात मात्र हे दुसरं करू नका, हार्डडिस्क शिव्या देईल. राउटर आणि कंपनीचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर पाहिजेत, एकच ठेवून भागत नाही.

झोपवायचं कोणी

मॅजिक पॅकेट फक्त उठवतं, झोपवत नाही. शटडाऊनऐवजी स्लीप वापरत असाल तर एक विचित्र गोष्ट दिसेल, मशीन उठतं आणि दोन मिनिटांत परत झोपतं. कीबोर्ड-माउसला कोणी हात लावला नाही म्हणून विंडोज 'अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' लावतं, हे सेटिंग पॉवर ऑप्शन्समध्ये लपवलेलं असतं. मला शटडाऊनच बरं वाटतं, निदान काय चाललंय ते कळतं.

टास्क शेड्युलरमध्ये रोज साडेआठला एक टास्क: प्रोग्रॅम 'शटडाऊन', अर्ग्युमेंट्समध्ये तिरकी रेघ एस, स्पेस, तिरकी रेघ टी, स्पेस, ३००. म्हणजे पाच मिनिटांची नोटीस देऊन बंद. बॅकअपवाल्या रात्रींना पहाटे चारचा वेगळा टास्क.

पहिल्याच आठवड्यात बाबा अग्रलेखाच्या मध्यावर होते आणि मशीनने नोटीस दिली, त्यांनी ती वाचून बंद केली आणि पाच मिनिटांनी स्क्रीन गेली. मग मी डेस्कटॉपवर एक शॉर्टकट केला, आत फक्त 'शटडाऊन', स्पेस, तिरकी रेघ ए, म्हणजे चालू झालेली उलटी मोजणी रद्द. त्याचं नाव ठेवलंय 'अजून वाचतोय'. नोटीस आली की ते त्यावर दोनदा टिचकी मारतात. रद्द केल्यावर त्या दिवशी परत कोणी बंद करत नाही म्हणून साडेनऊला तोच टास्क आणखी एकदा ठेवलाय, तोपर्यंत त्यांचं शब्दकोडंही होतं.